सोबतचं माणूस

पाथरीच्या बाजारात सिद्धोधन पेंटरला ओळखणारे दुकानदार दोन तऱ्हेचे आहेत. काहींचे बोर्ड त्यांनी सांगितल्यावर त्यानं रंगवले आणि काहींचे कुणी न सांगता रंगवले.

न सांगता रंगवलेले अकरा. त्याला आता बारा वर्षं झाली. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता आणि तालुक्यात त्याच्यासारखं अक्षर कुणाचं नव्हतं. फ्लेक्स आल्यावर बाकीचे पेंटर रिक्षा चालवायला लागले, हा एकटा ब्रश धरून राहिला. शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रॅक्टरचे नंबर, विहारावरची पंचशीलाची ओळ, सगळं त्याच्याच हातचं.

त्या उन्हाळ्यात एका आठवड्यात त्याची झोप गेली. त्याबरोबर थकवाही गेला. त्याला वाटायला लागलं, बाजारात जिकडंतिकडं खोटं लिहिलेलं आहे आणि त्यातलं निम्मं आपणच लिहिलं आहे. मग तो शिडी घेऊन निघाला. 'न्यू भारत सलून'मधलं 'न्यू' त्यानं पुसलं, कारण सलून ऐंशी सालापासून तिथंच होतं. एका मिठाईवाल्याच्या पाटीवरचा 'ताजी' हा शब्द काढला. एका गॅरेजवर 'त्वरित सेवा' लिहिलं होतं, तिथं 'सेवा' ठेवली. दोन दिवस लोक हसले. मिठाईवाला हसला नाही. तिसऱ्या दिवशी सिद्धोधननं पोलीस चौकीच्या पाटीला शिडी लावली, तेव्हा त्याचा थोरला भाऊ नागनाथ चार माणसं घेऊन आला. त्यांनी त्याला दोरीनं बांधलं, जीपमध्ये घातलं आणि परभणीला नेलं. वाटेत मानवतच्या रेल्वे फाटकात जीप वीस मिनिटं उभी होती. तेवढ्या वेळात बरीच माणसं वाकून बघून गेली.

बायको मनिषा मुलीला घेऊन माहेरी गेली ती तिकडंच राहिली. त्यानं तिला कधी बोल लावला नाही. तो म्हणायचा, "म्या तरी कुठं थांबलो असतो."

परभणीला स्टेशनच्या पलीकडं एका ट्रस्टचा दवाखाना आहे. तिथं दर बुधवारी मनाच्या आजारांची ओपीडी असते. पहिल्या वेळी सव्वा महिना त्याला तिथं ठेवलं, मग महिन्याला एक खेप सुरू झाली. गोळ्यांनी आजार उतरला. तो खरंच उतरला, त्यात शंका नाही. पण गोळ्या सुरू झाल्यावर वर्षाच्या आत त्याचा उजवा हात कापायला लागला. उभी रेघ ओढली की तिला लाटा यायच्या. हळूहळू त्यानं अक्षरं सोडली आणि भिंतींना चुना, डिस्टेंपर मारायला लागला. डिस्टेंपरला सरळ रेघ लागत नाही.

खेपेला त्याची आई गीताबाई सोबत यायची. डॉक्टर माधवी मॅडम टेबलामागं बसायच्या, बाहेर ऐंशी-नव्वद माणसं असायची. मॅडम तीन प्रश्न विचारायच्या आणि तिन्ही आईला विचारायच्या.

"झोप कशी आहे?"

"झोपतंय, बाई."

"जेवण?"

"जेवतंय."

"काही त्रास?"

"काई न्हाई. लय गुण हाय तुमच्या हाताला."

मॅडम लिहायच्या, 'स्थिर'. मागच्या खेपेच्या खाली तेच लिहिलेलं असायचं. आई बोलत असताना सिद्धोधन भिंतीवरच्या कॅलेंडरचं अक्षर बघत बसायचा. दहा वर्षांत आपण मॅडमशी किती बोललो, याचा त्यानं एकदा हिशोब केला. चार वाक्यं निघाली. त्यातलं एक "दार लावू का?" असं होतं.

हाताचं आई का सांगत नाही, हे त्याला माहीत होतं. एकदा बसमध्ये त्यानं विचारलं तर ती म्हणाली, "हात कापायलाय त्यो कापू दे. गोळी बदलली अन् तू पुना शिडीवर चढला तर मी कुणाला बोलावू?" त्या दिवसाची जीप आईनंही पाहिली होती.

दोन वर्षांपूर्वी गीताबाई गेली. पंधरवड्यानं खेप आली, सिद्धोधन एकटाच गेला. खिडकीत हरिओम नावाचा माणूस नोंदी करतो. त्याच्यासमोर मोठं रजिस्टर असतं. त्यात पेशंटचं नाव, सोबत कोण आणि नातं असे रकाने आहेत.

"सोबत कोण?" हरिओमनं विचारलं.

"कुणी न्हाई."

"नातेवाईक लागतो."

"आई यायची. ती वारली."

"अरेरे," हरिओम म्हणाला. "मग दुसरं कोणी आणा."

दुसरं कोणी म्हणजे नागनाथ. तो जिल्हा परिषदेत कारकून होता. पुढच्या बुधवारी तो रजा टाकून आला आणि रजा टाकलीय हे त्यानं वाटेत तीनदा सांगितलं. मॅडमनी झोपेचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "झोपच करतो मॅडम, दुसरं काय. कामाची आवड लागायचं एखादं इंजेक्शन नसतं का?" मॅडम म्हणाल्या, नसतं. त्यानंतरच्या महिन्यात नागनाथला निवडणुकीचं ट्रेनिंग लागलं.

सिद्धोधन पुन्हा एकटा खिडकीशी गेला, पुन्हा तेच झालं. गोळ्या चार दिवसांच्या उरल्या होत्या. तो व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसला. शेजारी एक साठीची बाई मांडीवर पिशवी धरून बसली होती.

"तुमालाबी परत लावलं?" तिनं विचारलं.

"हो."

"मला दुसऱ्यांदा. ल्योक अन् सून ऊस तोडायला गेलेत. पाडव्याला येतील. मी काय पाडव्यापस्तोर बिनगोळीची ऱ्हाऊ?"

ती सोनपेठकडची सरजाबाई. तिचा नवरा सटवाजी मरून सात वर्षं झाली होती, पण त्याचं बोलणं थांबलं नव्हतं. ते तिला एकटीलाच ऐकू यायचं. पहिली दोन वर्षं तो घाणघाण शिव्या द्यायचा, तेव्हा ती एकदा विहिरीच्या काठापर्यंत जाऊन आली होती. गोळ्यांनी शिव्या गेल्या. आवाज राहिला. हे सगळं तिनं पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं. सिद्धोधननंही अकरा बोर्डांचं सांगितलं.

"मिठाई शिळीच व्हती का?" तिनं विचारलं.

"शिळीच व्हती."

तिनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, तुमी माझ्यासोबत आला, मी तुमच्यासोबत आले. काय बिघडतं?"

दोघं खिडकीशी गेले. सिद्धोधनचा नंबर आधी होता. हरिओमनं सरजाबाईला नातं विचारलं. तिला खोटं बोलता येत नव्हतं. ती म्हणाली, "पेंटर हायती." हरिओमला मागच्या रांगेची घाई होती. त्यानं नात्याच्या रकान्यात 'पेंटर' लिहिलं.

आत मॅडमनी मान वर न करता विचारलं, "झोप कशी आहे?"

सरजाबाईनं सिद्धोधनकडं तोंड वळवलं. "झोप कशी हाय तुमाला?"

"सात-आठ तास लागती."

"सात-आठ तास लागती," तिनं मॅडमना सांगितलं. जेवणाचं तसंच विचारून सांगितलं. मग मॅडम म्हणाल्या, "काही त्रास?" यावेळी सरजाबाईनं त्याला विचारलं नाही. "हात कापायलाय यांचा. मघाशी च्या पिताना अर्धा बशीत सांडला. अक्षरं काढणारं माणूस हाय, भिंती सारवायलंय."

मॅडमनी लिहिणं थांबवलं. "कधीपासून?"

सरजाबाईला ते माहीत नव्हतं. तिनं सिद्धोधनकडं पाहिलं. "दहा वर्षं झाली," तो म्हणाला. ते त्याचं पाचवं वाक्य.

मॅडमनी त्याला दोन्ही हात पुढं धरायला सांगितले. उजव्या पंजावर एक कागद ठेवला. कागद फडफडला. त्यांनी जुनी फाईल मागंपर्यंत चाळली, तिथं सगळीकडं 'स्थिर' लिहिलं होतं. "मला कोणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी फाईल मिटली. मग त्या म्हणाल्या, "मीही विचारलं नाही." त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. रक्तात गोळीचं प्रमाण वरच्या टोकाला निघालं. त्यांनी गोळी कमी केली आणि हातासाठी एक वेगळी बारीक गोळी दिली.

मग सरजाबाईचा नंबर लागला आणि सिद्धोधन सोबतचं माणूस झाला.

त्याची अडचण वेगळी होती. बाकावर तिनं त्याला बजावलं होतं, "आवाजाचं सांगू नका. मागं मी खरं सांगितलं तर दोन गोळ्या वाढवल्या. सा महिने झोपून काढले. शेळी कवा व्याली त्ये कळलं न्हाई मला."

मॅडमनी त्याला विचारलं, "यांना अजून आवाज येतात का?"

'काई न्हाई' म्हणणं सोपं होतं. आई दहा वर्षं तेच म्हणत आली होती. 'येतात' म्हणणंही सोपं होतं, पण मग सरजाबाई पुन्हा सहा महिने झोपली असती. सिद्धोधन म्हणाला, "मॅडम, त्या हितंच बसल्यात. त्यांनाच इचारा. पण आधी सांगा, खरं सांगितलं तर गोळी वाढवणार का?"

बाहेर सत्तरच्या वर माणसं होती. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.

"आवाज काय सांगतात, त्यावर आहे ते," त्या सरजाबाईला म्हणाल्या. "काय म्हणतात?"

सरजाबाईनं पदर सावरला. "आता शिव्या न्हाईत. तवा तापला म्हणतो. शेळीला पाणी दाव म्हणतो. पाऊस यायलाय, सरपण आत घे म्हणतो. जिता व्हता तवा इतकं ध्यान नव्हतं त्याचं."

"जीव दे, कुणाला मार, असं काही?"

"आता न्हाई."

"त्रास होतो?"

"कवामवा मधीच बोलतो, मोजलेल्या भाकरी चुकत्यात. तेवढंच."

मॅडमनी गोळी वाढवली नाही. सकाळची गोळी रात्री घ्यायला सांगितली, म्हणजे दिवसा गुंगी राहणार नाही. आणि आवाजानं बोलणं बदललं तर त्याच दिवशी फोन करायला सांगितलं. सरजाबाई बाहेर आली आणि बाकावर बसून दोन मिनिटं रडली. मग तिनं पिशवीतून धपाटे काढले.

पुढच्या महिन्यात हरिओमच्या लक्षात आलं. एकसष्ट नंबरची सोबत बासष्ट नंबरला आणि बासष्टची एकसष्टला. तो रजिस्टर घेऊन मॅडमकडं गेला. "मॅडम, हे दोघंही पेशंट आहेत."

"हो."

"एकमेकांचे नातेवाईक कसे?"

"नात्यात काय लिहिलंय?"

"पेंटर."

"अक्षर कुणाचं आहे?"

"माझंच," हरिओम म्हणाला आणि रजिस्टर मिटून परत गेला.

तेव्हापासून दोघं ठरवून एकाच बुधवारी यायला लागले. खेपेच्या आदल्या संध्याकाळी फोन व्हायचा. प्रश्न विचारले जाणार, तर उत्तरं खरी पाहिजेत, म्हणून ती त्याला झोपेचं विचारायची, तो तिला सटवाजीचं विचारायचा. "काय म्हणायलेत?" "आज गप्पच हाय." सुरुवातीला फोन महिन्यातून एकदा होता, नंतर तो आठवड्यावर आला. सिद्धोधनचा हात चार महिन्यांत बराच थांबला. त्यानं पहिलं काम घेतलं ते एका पिठाच्या गिरणीचं. पाटी लहान होती. ती पुरी करायला त्याला दोन दिवस लागले, आणि ती पुरी झाल्यावर तो समोरच्या ओट्यावर तासभर बसून राहिला. गिरणीवाल्याला वाटलं काही चुकलंय.

गीताबाईची भीती मात्र अगदीच खोटी नव्हती. त्या श्रावणात, एका शुक्रवारी, सरजाबाईला सकाळी नऊच्या आत सिद्धोधनचे पाच फोन आले. सोनपेठातल्या प्रत्येक घरावर पाटी लावायची, असं त्यानं ठरवलं होतं. पाटीवर घरातल्या बाईचं नाव, कारण घर तीच चालवते. रंगही ठरले होते.

"इचार चांगला हाय," सरजाबाई म्हणाली. "झोपले कवा?"

"झोपायला वेळ कुणाला हाय?"

"परवा झोपले व्हते?"

"अक्का, तुमी पाट्यांचं बोला."

तिनं शेळ्या शेजारच्या पारूबाईकडं बांधल्या आणि पाथरीची एसटी धरली. नागनाथला तिनं फोन केला नाही. जीपचं तिला ठाऊक होतं.

सिद्धोधन अंगणात शिडी धुवत होता. सरजाबाई ओट्यावर बसली, पाणी मागितलं, प्याली आणि म्हणाली, "पेंटर, तुमाला चढायलंय."

"काई चढत न्हाई. मी लय बरा हाय. इतका बरा मी कवाच नव्हतो."

"त्येच म्हणायले मी."

तो चिडला. तुम्हीही नागनाथसारख्याच, म्हणाला. तुमचा मेलेला नवरा बोलतो ते चालतं आणि माझी पाटी चालत नाही, म्हणाला. ते तिला लागलं, पण ती उठली नाही.

"मी आजपस्तोर तुमच्याबद्दल खोटं सांगितलं का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मग आज का सांगीन?"

सिद्धोधननं बराच वेळ शिडी धुतली. शिडी स्वच्छ झाली. मग तो म्हणाला, "बांधून न्यायचं न्हाई."

"माझ्याजवळ काय हाय बांधायला? पिशवी हाय."

दोघं एसटीनं परभणीला गेले. शिडीला कंडक्टर नाही म्हणाला, ब्रशांचा डबा चालला. वाटेत सिद्धोधननं सगळ्या गाडीला पाट्यांची योजना समजावून सांगितली. तीन बायकांनी आपली नावं लिहून दिली.

दवाखान्यात हरिओम म्हणाला, "आज शुक्रवार आहे. बुधवारी या."

"बरं," सरजाबाई म्हणाली आणि खिडकीखाली फरशीवर मांडी घालून बसली. "मग बुधवारपस्तोर हितंच बसतो आमी." सिद्धोधनही बसला आणि त्यानं हरिओमला आईचं नाव विचारलं, पाटीसाठी. हरिओमनं दोघांकडं पाहिलं आणि आत जाऊन मॅडमना घेऊन आला.

त्याला नऊ दिवस वॉर्डात ठेवलं. तो स्वतःच्या पायानं खाटेपर्यंत गेला. गोळी गिळल्यावर तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची, असा तिथं नियम होता. तो दाखवायचा. पहिले दोन दिवस तो पाट्यांचं सांगत सिस्टरांना सोडत नव्हता, नंतर झोप लागायला लागली. तिसऱ्या दिवशी नागनाथ आला. "मला का सांगितलं नाही?" त्यानं सरजाबाईला विचारलं.

"दोरी आणलीय का?"

"नाही."

"मग बसा."

नागनाथ बसला. खाटेच्या पायथ्याशी तो तासभर बसून होता. जाताना त्यानं भावाच्या उशाशी मोसंबी ठेवली आणि रजेचं काही बोलला नाही.

आठव्या दिवशी मॅडम खाटेपाशी स्टूल घेऊन बसल्या. "जुना डोस दिला तर आजार नीट दबून राहील, पण हात कापेल," त्या म्हणाल्या. "कमी केलेला ठेवला तर हात चांगला राहील, पण हे परत होऊ शकतं. मधलाही एक आहे. त्यात दोन्हीचं थोडंथोडं आहे. तुम्हाला काय चालेल?"

सिद्धोधननं सवयीनं सरजाबाईकडं पाहिलं. ती मोसंबी सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"दुपारपर्यंत सांगितलं तर चालंल का?" त्यानं विचारलं. मॅडम म्हणाल्या, चालेल. तो दुपारपर्यंत खिडकीतून रेल्वेच्या डब्यांवरची अक्षरं बघत बसला. मग त्यानं मधला मागितला. "हात थोडा कापला तरी निभंल. मोठाली अक्षरं काढीन. पण मला परत तसं बरं व्हायचं न्हाई."

त्याला आता सव्वा वर्ष झालं. यंदा उन्हाळ्यात दोघांची तब्येत बघून मॅडमनी एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. सुधारणा असली की तसं करतात. दोघांनाही ते आवडलं नाही.

"मॅडम, महिन्याचंच ऱ्हाऊ द्या की," सरजाबाई म्हणाली.

"का? काही त्रास आहे?"

"त्रास न्हाई. पण यायचं कशानं मग?"

मॅडम हसल्या, पण चिठ्ठी बदलली नाही.

गेल्या महिन्यात सोनपेठच्या बाजाराच्या दिवशी सिद्धोधन तिकडं एका खत-बियाणांच्या दुकानाचा बोर्ड करायला गेला. दुकानदाराला आधी फ्लेक्स हवा होता, मग कुणीतरी याचं नाव सांगितलं. सरजाबाई दुपारी भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन आली, रस्त्याच्या पलीकडं उभी राहिली आणि डोळ्यांवर हात धरून वर बघायला लागली.

"'क' वाकडा हाय," तिनं ओरडून सांगितलं.

"हाय," शिडीवरून तो म्हणाला.

"पुसा मग."

"सुकलाय. ऱ्हाऊ द्या."

तिनं आणखी थोडा वेळ बघितलं. मग दुकानदाराला सावलीत जागा मागितली आणि जेवायला पान मांडलं.